सागराचे विरजण

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात झरी जामणी नावाचा तालुका आहे. कापूस, तूर, ज्वारी व सोयाबीन यांची शेते, मधूनमधून सागाची वने, कोलाम बांधवांचे पोड आणि दक्षिणेस पैनगंगेचे पात्र, असे या भूमीचे रूप आहे. येथून पूर्वेस जावे की पश्चिमेस, समुद्र गाठावयाचा तर ४०० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावे लागते. त्यामुळे येथील पुष्कळ मुलांनी समुद्र केवळ चित्रात पाहिलेला असतो.

तथापि ही भूमी आणि समुद्र एकमेकांना अगदीच परके नाहीत. मुकुटबनच्या परिसरात जो चुनखडक आहे, तो सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या एका समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तयार झाला, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. तो समुद्र केव्हाच आटून गेला. परंतु आजही झरी जामणीच्या शेतांवर पडलेला पाऊस ओढ्यांतून पैनगंगेत उतरतो. पैनगंगा वर्धा नदीस मिळते, वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि गोदावरी ते बंगालच्या उपसागराच्या ओटीत घालते. शेतातील मातीचे आणि खताचे कणही त्या पाण्याबरोबर इतका लांबचा प्रवास करतात. समुद्रात पोहोचल्यावर या खताचे काय होत असेल? तेथेही त्यावर एखादे पीक पोसले जात असेल काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. समुद्रातही एक अफाट पीक उभे असते. मात्र ते साध्या डोळ्यांना दिसत नाही.

जमिनीवरील जीवसृष्टीचा आधार हिरवी वनस्पती हा आहे. हरिण गवत खाते, वाघ हरणाला खातो. म्हणून गवत नसेल तर वाघही उपाशी मरेल. समुद्राची गोष्ट निराळी आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. सूर्याचा प्रकाश मात्र वनस्पतींना अन्न तयार करता येईल इतक्या प्रमाणात फार तर २०० मीटरपर्यंतच पोहोचतो. त्याखाली अंधार वाढत जातो. अशा ठिकाणी तळाशी मूळ धरून उभे राहणारे गवत किंवा झाड कसे जगणार? समुद्रातील बहुतेक मोठी शेवाळे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वाढतात. उघड्या समुद्रात अन्न तयार करणाऱ्या वनस्पतींना मूळ नसते, खोड नसते आणि पानही नसते. त्या एकेका पेशीच्या असून पाण्याच्या वरच्या थरात तरंगत राहतात.

अशा तरंगणाऱ्या जीवांना ‘प्लवक’ म्हणतात. ‘प्लव’ म्हणजे तरंगणे. जर्मनीतील व्हिक्टर हेन्सन या शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये या जीवांसाठी ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ केला. त्याचा ग्रीक भाषेतील मूळ अर्थ ‘भटकणारा’ असा आहे. प्लवकांपैकी जे प्राणी आहेत ते प्राणिप्लवक आणि जे सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात ते वनस्पतिप्लवक होत. काही वनस्पतिप्लवकांच्या पेशींभोवती काचेसारख्या वालुकाद्रव्याचे दोन भागांचे कवच असते. कुंकवाच्या करंडकावर झाकण बसावे, तसा त्याचा एक भाग दुसऱ्यावर बसतो. म्हणून मराठीत त्यांना ‘करंडक’ असेच सुंदर नाव मिळाले आहे. काही पेशींना चाबकाच्या दोरीसारखे शेपूट असते व तिच्या साहाय्याने त्या पोहतात. नॅनोक्लोरॉप्सिस नावाची पेशी तर इतकी लहान असते, की अशा ३०० पेशी एका ओळीत मांडल्या तरी त्यांची लांबी जेमतेम एक मिलिमीटर भरेल.

या इवल्या जीवांचे कार्य मात्र थोर आहे. पृथ्वीवर सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने जेवढे अन्न तयार होते, त्यातील जवळजवळ निम्मे समुद्रातील प्लवक तयार करतात आणि ते करताना प्राणवायूही बाहेर सोडतात. वनस्पतिप्लवकांना प्राणिप्लवक खातात, प्राणिप्लवकांना लहान मासे आणि लहान माशांना मोठे मासे खातात. कोकणातील कोळ्याच्या जाळ्यात सापडणारा बांगडा असो वा अजस्र देवमासा असो, त्याच्या अन्नाची साखळी मागे मागे शोधीत गेल्यास ती अखेर या हिरव्या कणांपाशीच येऊन थांबते.

समुद्राचा एक तुकडा काचेच्या पेटीत आणून ठेवावा, ही हौस माणसास फार दिवसांपासून आहे. मुंबईत चौपाटीजवळ १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेथे काचेआड फिरणारे सागरी मासे पाहून कित्येक पिढ्यांतील मुले हरखून गेली. आता तर मिश्र सागरी मीठ बाजारात मिळत असल्यामुळे समुद्रापासून दूरच्या गावीही घरात खाऱ्या पाण्याचे लहान मत्स्यालय ठेवता येते. परंतु अशा मत्स्यालयात एक उणीव राहून जाते. पाणी स्वच्छ दिसावे म्हणून ते सतत गाळले जाते आणि त्यामुळे त्यातील प्लवक नाहीसे होतात. मोठ्या माशांना आयते खाद्य घालता येते; पण शिंपले, नळ्यांत राहणारे कृमी आणि काही मृदू प्रवाळ हे पाण्यातील सूक्ष्म कण गाळून खाणारे जीव आहेत. आपल्या दृष्टीने जे पाणी स्वच्छ, ते त्यांच्या दृष्टीने रिकामे ताट असते.

माशांच्या पिल्लांची अडचण याहूनही बिकट आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणाऱ्या विदूषक माशाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते, तेव्हा ते काही मिलिमीटरच लांब असते आणि त्याचे तोंड फारच लहान असते. कोरड्या खाद्याचा चुरा ते घेत नाही. त्याला हालचाल करणारे सजीव भक्ष्यच लागते. त्यासाठी रोटिफर नावाचे प्राणिप्लवक वाढवितात. रोटिफरच्या डोक्यावर बारीक केसांची वलये असतात आणि ती फिरत्या चाकांसारखी भासतात. हे रोटिफर वनस्पतिप्लवकांवर जगतात. म्हणजे पिल्लासाठी रोटिफर हवा आणि रोटिफरसाठी हिरवे पाणी हवे. यातील पहिला दुवा तुटला, तर मागाहून केलेले सर्व श्रम वाया जातात. ठाणे खाडीच्या काठी ऐरोली येथे शोभिवंत सागरी मासे पैदा करण्याचे काम चालते. अशा प्रत्येक ठिकाणी माशांच्या टाक्यांबरोबर हिरव्या आणि सोनेरी पाण्याच्या बाटल्यांची रांग असावीच लागते.

समुद्राचे हे पीक माणसाने हाती कसे आणले, याचा इतिहास बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिएर मिकेल या फ्रेंच संशोधकाने पाण्यात विशिष्ट क्षार मिसळून करंडक वनस्पती प्रयोगशाळेत वाढविल्या. १९१० मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे ॲलन आणि नेल्सन यांनी ही रीत सुधारली आणि अशा प्लवकांवर सागरी प्राण्यांच्या डिंभांचे पोषण केले. अंड्यातून निघालेल्या, पण प्रौढासारखे रूप न आलेल्या पिल्लास डिंभ म्हणतात. तथापि सर्वच डिंभांना हे अन्न मानवेना. कालवांचे डिंभ फार लहान असतात, त्यामुळे मोठ्या पेशी त्यांना गिळता येत नाहीत. भोवती अन्न असूनही ते उपाशी राहत. १९३८ च्या सुमारास आयर्लंड व इंग्लंड यांच्या मधील आइल ऑफ मॅन बेटावर, पोर्ट एरिन येथील संशोधकांना तळ्यातील पाण्यात एक सोनेरी छटेची, अतिसूक्ष्म पोहणारी पेशी आढळली. तिच्यावर कालवांचे डिंभ उत्तम वाढतात असे दिसून आले. मेरी पार्क या विदुषीने १९४९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व तिला आयसोक्रायसिस गॅल्बाना हे नाव दिले.

या शोधाचा लाभ पुढे भारतासही झाला. तमिळनाडूतील तुतिकोरीन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ मोत्याच्या कालवांची पिल्ले प्रयोगशाळेत वाढविण्याचा प्रयत्न करीत होते. १९८१ मध्ये त्यांना त्यात यश आले. त्या पिल्लांचे मुख्य अन्न हीच आयसोक्रायसिस होती. मोत्याचे मूल्य सर्वांना ठाऊक असते. पण मोती देणारा जीव लहानपणी कोणत्या अन्नावर जगला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जे काम मोठ्या प्रयोगशाळांत चालते, तेच लहान प्रमाणावर घरीही करता येते. त्याचे तत्त्व समजण्यासाठी विरजणाची आठवण करावी. कोमट दुधात चमचाभर दही घातले की रात्रीतून त्याचे दही होते आणि त्याच दह्यातून पुढच्या दिवसाचे विरजण बाजूस काढून ठेवितात. प्लवकांचे संवर्धन असेच असते. अगोदर वाढविलेल्या हिरव्या पाण्याचा थोडा भाग विरजण म्हणून ताज्या खाऱ्या पाण्यात घालतात. काही दिवसांत ते सर्व पाणी हिरवे होते. फरक इतकाच, की दुधात जीवाणूंचे अन्न तयारच असते. प्लवक मात्र आपले अन्न स्वतः तयार करतात. म्हणून त्यांना प्रकाश, हवा आणि थोडे खत पुरवावे लागते. नवशिक्याने नॅनोक्लोरॉप्सिसपासूनच आरंभ करणे चांगले, कारण ही पेशी काटक असते. तिचे शुद्ध विरजण एखाद्या संशोधन संस्थेकडून किंवा जाणत्या मत्स्यपालकाकडून मिळवावे.

पहिली गरज पाण्याची. स्वयंपाकातील मीठ पाण्यात विरघळविल्याने समुद्र होत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार आणि इतर अनेक द्रव्ये ठरावीक प्रमाणात असतात. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे मिश्र सागरी मीठच घ्यावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. संवर्धनासाठी पाणी याहून थोडे सौम्य, म्हणजे लिटरमागे सुमारे २७ ग्रॅम मिठाचे असले तरी चालते. मीठ विरघळल्यावर पाणी स्वच्छ कापडातून गाळावे आणि वडीलमाणसांच्या देखरेखीखाली दहा मिनिटे उकळावे. उकळण्यासाठी पोलादाचे भांडे घ्यावे; तांब्याचे किंवा पितळेचे भांडे मुळीच वापरू नये. तांब्याचा अंशही प्लवकांना आणि शिंपल्यांना विषासारखा बाधतो. उकळलेले पाणी झाकून पूर्णपणे निवू द्यावे व तळाशी पांढरा गाळ बसल्यास वरचे निवळ पाणी हलकेच ओतून घ्यावे.

दुसरी गरज खताची. शेतातील पिकाप्रमाणे प्लवकांनाही नत्र आणि स्फुरद लागतात. शिवाय लोह, जस्त, मँगनीज यांसारखी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात आणि थायमिन, बायोटिन व ब-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. गिलार्ड आणि रायथर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये ‘एफ’ नावाचे पोषक द्रावण तयार केले. त्यातील द्रव्यांचे प्रमाण निम्मे केले तरी पुरते, असे आढळल्याने आज जगभर ‘एफ भागिले दोन’ या नावाचे द्रावण वापरतात. त्याच्या एका लिटरात ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट आणि ५ मिलिग्रॅम सोडियम फॉस्फेट असते. एका मोठ्या बाटलीभर पाण्यासाठी केवळ चिमटीभर खत! करंडक वनस्पती वाढवावयाच्या असल्यास त्यांच्या कवचासाठी सिलिकेटही घालावे लागते. हे खत तयार द्रावणाच्या रूपात मिळते. जीवनसत्त्वे उष्णतेने नष्ट होतात, म्हणून ते पाणी निवल्यानंतरच घालावे. मोठ्या संवर्धन टाक्यांत तर अमोनियम सल्फेट, सुपरफॉस्फेट आणि युरिया ही शेतकऱ्याच्या परिचयाची खतेच वापरली जातात. कपाशीचे पीक आणि समुद्राचे पीक यांची भूक किती सारखी आहे, हे यावरून ध्यानी येते.

तिसरी गरज हवेची आणि चौथी प्रकाशाची. दोन लिटरांची पारदर्शक बाटली स्वच्छ धुऊन घ्यावी. तिच्या झाकणाला दोन छिद्रे पाडावी. एका छिद्रातून मत्स्यालयाच्या पंपाची नळी तळापर्यंत सोडावी. दुसरे छिद्र हवा बाहेर जाण्यासाठी ठेवून त्यात कापसाचा सैल बोळा बसवावा, म्हणजे धूळ आत शिरत नाही. हवेचे बुडबुडे मोठे असावेत; फार बारीक बुडबुड्यांनी फेस येतो. हवेमुळे दोन कामे साधतात. पेशी तळाशी न बसता सारख्या फिरत राहतात आणि अन्न तयार करण्यास लागणारा कर्बवायू त्यांना मिळतो. वीज गेल्यास पंप बंद पडतो. अशा वेळी बाटली दिवसातून चार-पाच वेळा हाताने हलकेच हलवावी. प्रकाशासाठी बाटलीपासून वीतभर अंतरावर एक पांढरी विजेची नळी लावून ती दिवसाचे सोळा तास चालू ठेवावी. कडक उन्हात बाटली ठेवू नये. बहुतेक प्लवकांना २० ते २५ अंश तापमान मानवते. विदर्भातील वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत घरातील सर्वांत थंड कोपराच या कामासाठी निवडावा. ज्यास हे संवर्धन प्रथमच करावयाचे असेल, त्याने हिवाळ्यात आरंभ करणे शहाणपणाचे.

ही सिद्धता झाली की चार भाग ताज्या पाण्यात एक भाग विरजण मिसळावे. पहिल्या दिवशी पाणी फिकट पोपटी दिसते. प्रत्येक पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होतात, दोहोंच्या चार होतात आणि चारांच्या आठ. रोज एकदा दुप्पट होणारी एक पेशी दहा दिवसांत १,०२४ होते, हे गणित कोणासही करून पाहता येईल. बाटलीत मात्र ही वाढ अशीच अखंड चालत नाही. पेशी दाटल्या की एकमेकींच्या सावलीत येतात, खत संपू लागते आणि वाढ मंदावते. साधारणपणे आठवड्या-दहा दिवसांत पाण्याला कोवळ्या गवतासारखा गडद हिरवा रंग येतो. त्या वेळी एका मिलिलिटरात एक कोटीहून अधिक पेशी असू शकतात.

हा दाटपणा मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते, ते मोजले. पाणी जितके गढूळ किंवा प्लवकांनी दाट, तितकी ती लवकर अदृश्य होते. घरी एका प्लास्टिकच्या काडीच्या टोकास लहान पांढरी चकती लावून काडीवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्या. थोडे हिरवे पाणी उंच पेल्यात घेऊन त्यात ती बुडवावी आणि चकती दिसेनाशी होण्याची खोली रोज वहीत टिपून ठेवावी. आकडा दिवसेंदिवस लहान होत गेला, तर पीक वाढत आहे. तो पुन्हा मोठा होऊ लागला, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. एकदा वापरलेले पाणी मात्र पुन्हा बाटलीत ओतू नये.

बिघाड होण्यास फार मोठे कारण लागत नाही. रोटिफरच्या टाकीत बुडविलेला चमचा चुकून हिरव्या पाण्यात गेला, तर त्याबरोबर गेलेले दोन-चार रोटिफर काही दिवसांत सर्व पीक फस्त करतात. उंदीर कोठारात शिरावेत, तसाच हा प्रकार! अस्वच्छ हातांनी जीवाणू शिरतात. खत संपूनही बाटली तशीच ठेविली तर पेशी मरू लागतात. हिरवा रंग पिवळट होणे, पेशींचे पुंजके तळाशी बसणे आणि पाण्यास कुजकट वास येणे ही नाशाची लक्षणे आहेत. असे पाणी मत्स्यालयात कदापि घालू नये. आदल्या सायंकाळी हिरवीगार दिसणारी बाटली सकाळी निस्तेज झालेली आढळते आणि मग तिच्यावर विसंबून असलेल्या पिल्लांना द्यावयास काहीच उरत नाही.

यावर उपाय जुनाच आहे आणि तो शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाही. पूर्वी घरोघरी ज्वारीची उत्तम कणसे निवडून त्यांचे दाणे पुढील पेरणीसाठी राखेत घालून निराळे ठेवीत. कितीही ओढग्रस्त झाली तरी बियाण्यास सहसा हात लावीत नसत. प्लवकांचेही बियाणे असेच राखावे लागते. एकाऐवजी किमान दोन बाटल्या लावाव्या आणि त्या वेगवेगळ्या जागी ठेवाव्या. प्रत्येक वेळी पीक काढताना प्रथम पुढील विरजण बाजूस काढावे व मगच उरलेले वापरावे. या बाटल्यांच्या नळ्या, फडकी आणि पेले इतर कामास घेऊ नयेत. विरजणाची एक लहान बाटली शीतकपाटात सुमारे ४ अंश तापमानात ठेवून रोज एकदा हलविली, तर ती काही आठवडे टिकते. बर्फाच्या कप्प्यात मात्र ती ठेवू नये, कारण पाणी गोठले की पेशी फुटतात. बाटलीवर तारीख लिहिण्याची सवय लावून घ्यावी. साधी चिठ्ठी न लावल्यामुळे जुने आणि नवे विरजण एकमेकांत मिसळते व कित्येक आठवड्यांचे श्रम फुकट जातात.

तयार झालेले पीक देतानाही तारतम्य हवे. अर्धी बाटली रिकामी करून तीत ताजे खतपाणी भरावे, म्हणजे उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. काढलेले हिरवे पाणी रोटिफरना रोज थोडे थोडे द्यावे. त्यांच्या टाकीतील हिरवी छटा नाहीशी होऊ लागली, की त्यांना भूक लागली असे जाणावे. मत्स्यालयातील शिंपल्यांना आणि प्रवाळांना आरंभी दिवसाकाठी काही चमचेच पुरतात. अधिक घातल्याने अधिक पोषण होते, ही समजूत चुकीची आहे. न खाल्लेल्या पेशी मरतात व कुजतात, कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि ज्यांच्यासाठी हे अन्न आणले तेच जीव गुदमरतात. नको असलेले खारे पाणी ओढ्यात, विहिरीत किंवा शेतात ओतू नये. गोड्या पाण्यातील जीवांना आणि पिकांना मीठ बाधते. शिवाय परक्या ठिकाणचे जीव नैसर्गिक पाण्यात सोडणे केव्हाही अयोग्य होय. असे पाणी आधी उकळून मग सांडपाण्यात टाकावे.

बाटलीत जे घडते तेच मोठ्या प्रमाणावर समुद्रात घडते. नद्यांबरोबर वाहत आलेले खत माफक असेल, तर नदीमुखाशी प्लवक वाढतात, त्यांवर मासे पोसतात आणि कोळ्यांची जाळी भरतात. तेच खत बेसुमार आले, तर प्लवकांची अमर्याद वाढ होते. मग ते मरून तळाशी कुजतात आणि तेथील पाण्यातून प्राणवायू नाहीसा होतो. जगातील कित्येक नदीमुखांपाशी याच कारणाने मासे तगू शकत नाहीत असे पट्टे निर्माण झाले आहेत. शेतात गरजेपुरतेच खत घालणारा आणि बांध घालून माती अडविणारा शेतकरी आपल्या पिकाचे हित तर साधतोच. पण ज्या समुद्राचे त्याला कधी दर्शनही घडले नसेल, त्याच्या अन्नसाखळीचेही तो रक्षण करीत असतो.

समुद्राच्या काठी जन्मलेल्या मुलाला लाटा पाहावयास मिळतात, भरती-ओहोटी पाहावयास मिळते. पण त्या लाटांना जिवंत ठेवणारे पीक त्याच्याही डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी त्यालाही ओंजळभर पाणी बाटलीत घालून, प्रकाशात धरून, दिवसेंदिवस निरीक्षण करावे लागते. या बाबतीत वेंगुर्ल्याचा विद्यार्थी आणि झरी जामणीचा विद्यार्थी हे दोघेही एकाच पायरीवर उभे आहेत. शुद्ध विरजण, स्वच्छ हात, रोजची नोंद आणि बियाणे राखून ठेवण्याचा संयम एवढी सामग्री ज्याच्यापाशी आहे, त्याच्या घरात समुद्राचे हे पीक वाढू शकते.